पडद्यामागचा आजार

नाना, तुम्ही असता तर हे सांगण्याआधी मी काहीतरी निमित्त काढून आईला शेजारी पाठवलं असतं, आणि मग तुमच्याकडे न बघता बोलले असते. तुम्हाला जाऊन आता एकोणीस वर्षं झाली, तेव्हा सरळच लिहिते. मला चामखिळी झाल्या होत्या. मानेवर, हातावर होतात तशा नाहीत. जागा कोणती ते तुम्ही माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं असतं, कारण तुमचं आयुष्य तसली तोंडं बघण्यात गेलं. धुळ्याला हायवेच्या कडेच्या त्या दवाखान्यात, 'त्वचा व गुप्तरोग' असं रंगवलेल्या पाटीखाली, तुम्ही सव्वीस वर्षं कंपाउंडर होतात. पायरी चढणारा माणूस पुढे बघतो का वळून रस्त्याकडे बघतो, एवढ्यावरून तुम्ही सांगायचात की हा खरजेचा आहे की पडद्यामागचा, आत नेऊन तपासायचा.

मी आता त्रेचाळीस वर्षांची आहे. जळगावात राहते, असोद्याच्या हायस्कूलमध्ये क्लार्क आहे, रोज बसने जाते-येते. तुमचे जावई सात वर्षांपूर्वी गेले. कामावरून आले, पाणी मागितलं, मी तांब्या भरून आणेपर्यंत संपलं होतं. ते याच शाळेत क्लार्क होते. अनुकंपा तत्त्वावर त्यांची जागा मला मिळाली. तुमची नात, जिला तुम्ही जेमतेम चार महिने मांडीवर घेतलंत, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात आम्ही दोघीच. आणि एक माणूस आहे. शाळेची प्रगतिपुस्तकं, चाचणी परीक्षांचे पेपर छापून देणारे जळगावचे एक प्रेसवाले. त्यांची रीतसर फारकत होऊन बारा वर्षं झाली. आधी प्रुफं तपासायला मी त्यांच्याकडे जायची, मग चहाला थांबू लागले, मग दोन वर्षांत जे व्हायचं ते झालं. मी त्यांना अजून अहो-जाहोच करते आणि ते मला मॅडम म्हणतात. तुम्हाला हसू आलं असतं. की राग आला असता? मला खरंच सांगता येत नाही.

मार्चात अंघोळ करताना बोटाला पहिली लागली. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मी म्हटलं घामोळं असेल. एप्रिलमध्ये तीन झाल्या, मे महिन्यात त्यांचा बारीक फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा झुपका झाला. दुखत नव्हतं, खाज तेवढी होती. दोन महिने मी त्याला घामोळंच म्हणत राहिले, पण ओळखलं मी पहिल्याच दिवशी होतं. तुमच्या पडद्याच्या अलीकडे मी किती दुपारी काढल्यात! शाळा सुटली की देवपुरातून पांझरेचा पूल ओलांडून तुमचा डबा घेऊन यायचं, आणि तुम्ही मोकळे होईपर्यंत बाकावर बसून राहायचं. आत जायची मला बंदी, पण पडद्याने आवाज थोडाच अडतो. मी बसलेय, डब्याची कडी बोटाने वाजवतेय, आणि आतून तुमचा आवाज येतोय, "हिलना मत सरदारजी. चारों तरफ व्हॅसलिन लगाया है, फिर भी चमडी जल जाएगी. चार घंटे बाद साबुन से धोना. और अगली बार घरवाली को लेके आना, नहीं तो ये फिर से आएगा." मग त्या तपकिरी औषधाचा उग्र वास पडद्याखालून बाहेर येतो. त्या औषधाचं नाव मला दहाव्या वर्षीच माहीत होतं, कारण रिकामी बाटली धुऊन तुम्ही घरी आणायचात आणि आई तीत गोडंतेल ठेवायला नकार द्यायची.

वर्गात पोरी मला 'गुप्तरोगवाल्याची' म्हणायच्या. एकदा जेवताना मी तुम्हाला विचारलं, असली घाणेरडी माणसं तुमच्याकडेच का येतात? तुम्ही भाकरी ताटात ठेवलीत. आवाज चढवला नाहीत. "रोग घान नही ऱ्हास," म्हणालात. "ऊठ. तोंड धुई ये." मी उठले, मोरीत जाऊन चूळ भरली, परत आले. "आखो धू," म्हणालात आणि परत मोरीकडे पाठवलंत. तीनदा धुवायला लावलंत आणि मगच जेवू दिलंत. आई म्हणाली, पोर आहे, जाऊ द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. आणि त्याच आठवड्यात, माझ्या वाढदिवसाला, दवाखान्यातला एक कोरा रबरी हातमोजा फुगवून आणलात. पाच बोटांचा तुरा, शाईने काढलेले डोळे, पुढे चोच. कोंबडी. मला इतका आनंद झाला होता की मी ती गल्लीभर फिरवली, आणि आई बिचारी दाराआड उभी राहून कपाळाला हात लावत होती.

हे सगळं असूनही मी दोन महिने काही केलं नाही, कारण जायचं कुठे? जळगावात बाईडॉक्टर कमी नाहीत. पण एकीच्या काउंटरवर आमच्या शाळेतल्या मुलीची आई बसते, दुसरीकडे आमच्याच कॉलनीतल्या बायका रांगेत असतात. विधवा बाई, आणि हे? एवढे चार शब्द कुणी बोललं की माझ्या पोरीचं कॉलेज, माझी नोकरी, सगळ्यावर शिंतोडे. एक दिवस शाळेच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या दाखल्यांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून मी फोनवर शोधलं. आधी सगळे बाबा आणि वैद्यच आले, सात दिवसांत मुळासकट, खात्रीशीर, गुप्त. तुमच्या वेळी या जाहिराती भिंतीवर रंगवलेल्या असायच्या आणि तुम्ही रस्त्याने जाताना त्यांना शिव्या द्यायचात. आता त्या खिशात येऊन बसल्यात. पण शोधता शोधता एक ठिकाण नीट वाटलं. त्वचारोगतज्ज्ञ बाई, पुण्याची, व्हिडिओवर तपासते, मराठीत बोलते, नोंदणी क्रमांक लिहिलेला. मी क्लार्क आहे नाना, नंबर दिसला की पडताळून बघितल्याशिवाय राहवत नाही. तो नंबर वैद्यक परिषदेच्या यादीत खरा निघाला. त्याच बैठकीत मी दुसऱ्या दिवशीची दुपारची वेळ घेऊन टाकली, कारण घरी जाऊन विचार केला असता तर परत घामोळं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर रेकॉर्ड रूमला आतून कडी लावली. फोनच्या पडद्यावर तिशीतली मुलगीच दिसली म्हणा ना, केस बांधलेले, चष्मा. "बोला ताई, काय त्रास आहे?" मी म्हटलं, खाली जरा. "खाली म्हणजे नेमकं कुठे?" तिने घाई केली नाही. मग मी गठ्ठ्यांकडे बघत सांगितलं, योनीच्या तोंडाशी, उजव्या अंगाला, पाच आहेत, दोन महिन्यांपासून आहेत. आयुष्यात तो शब्द मी तोंडातून पहिल्यांदा काढला असेन. ती लिहून घेत होती, जशी मी जन्मतारखा लिहून घेते. दिवस गेलेत का, रक्त जातं का, पाळी कधी आली, संबंध कुणाशी आहे, एकाशीच का? याच प्रश्नाला बाहेरून दार वाजलं. शिपाईभाऊ. "मॅडम, बोनाफाइडवर सही पाहिजे, पालक थांबलेत." मी ओरडले, "भाऊ, ऑडिटचा फोन चालू आहे, दहा मिनिटं!" डॉक्टरबाई हसू दाबत म्हणाल्या, "ऑडिटच आहे तसं." मलाही हसू फुटलं, आणि त्या हसण्यानंतर मी सगळी उत्तरं सरळ दिली. त्यांनी फोटो मागितले. ते घरी जाऊन काढले, आणि काढायच्या आधी माझ्या फोनमधले फोटो लेकीच्या लॅपटॉपवर आपोआप जातात ते बंद केलं. त्यात मला अर्धा तास लागला.

फोटो बघून त्यांनी दुसऱ्या दिवशी परत फोन लावला. चामखिळीच आहेत म्हणाल्या, एका विषाणूच्या. फार लोकांना होतात. विषाणू अंगात महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प राहतो, म्हणून कुणाकडून आला हे शोधत बसू नका, सापडणार नाही. मलम देते, आठवड्यातून तीनदा झोपताना लावायचं, सकाळी धुवायचं, चार महिन्यांपर्यंत लागू शकतं. कातडी लाल होईल, जखम झाली तर थांबायचं आणि मला कळवायचं. "आणि ताई, फोनवरून जेवढं होतं तेवढंच मी करतेय. एकदा प्रत्यक्ष जाऊन आतून तपासणी, गर्भाशयाच्या तोंडाची चाचणी आणि रक्ताच्या तपासण्या करायच्याच. मी चिठ्ठी देते. चामखिळी करणारा प्रकार वेगळा आणि कॅन्सर करणारा वेगळा, पण गोतावळा एकच. तुमच्या जोडीदारांनाही सांगायचं. मुलगी आहे ना? किती वर्षांची? तिला लस द्या. उशीर झालेला नाही." मी हे सगळं कच्च्या कागदावर उतरवून घेतलं. फोन ठेवल्यावर तो कागद कितीदा तरी वाचला. मला रडू आलं, पण आजारामुळे आलं नाही. एक बाई दुसऱ्या बाईला तिच्याच अंगाबद्दल पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगते, हे मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

आणि तेव्हाच मला ती पिंपळनेरकडची बाई आठवली. तुम्हाला आठवते का, कोण जाणे. मी तेरा वर्षांची होते. तिचा नवरा ट्रकवर हमाल होता, आधी तोच येऊन गेला होता, तुम्ही त्याला बायकोला आणायला सांगितलं होतंत. त्याने तिला एकटीच पाठवली. डोंगराकडून पहाटेच्या गाडीने आलेली, बाकावर माझ्या शेजारी अंग चोरून बसलेली. डॉक्टरांनी तिला तपासून कागद हातात दिला होता आणि तुम्ही आत औषध काढत होतात. तिने तो कागद माझ्यापुढे धरला. "यानावर काय लिखेल शे व माय? माले वाची दखाड." इंग्रजी अक्षर वाईट होतं, पण तो शब्द मी तुमच्या खोक्यांवर वाचलेला होता. नवऱ्याला जे होतं तेच. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात पडदा सारून तुम्ही आलात. माझ्या हातातून कागद घेतलात. "उष्णता शे माय," तिला म्हणालात. "दुसरं काही नही. बठ्ठं बरं व्हई जाई." तिने तुमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "मालकपासून ते नही ना लागनं?" तुम्ही म्हणालात, "नही माय, नही." तिचा चेहरा असा सुटला, नाना, की मला अजून दिसतो. तिने पदराची गाठ सोडून मूठभर चारोळी माझ्या डब्याच्या झाकणात ओतली, जंगलातून वेचून आणलेली. तुम्ही नको म्हणालात, तिने ऐकलं नाही. त्या रविवारी आईने खीर केली आणि आपण सगळ्यांनी खाल्ली.

तुम्हाला डॉक्टरांनी तसं सांगायचं बजावलं होतं, हे मला पुढे कळलं. घर मोडू नये म्हणून. खरं सांगितलं तर बाई माहेरी निघून जाते, नवरा औषध सोडतो, दोघंही हातचे जातात. तुमची बाजू मला कळते. पण तिला तुम्ही हे सांगितलं नाहीत की तिचा नवरा परत हायवेने जाणार आणि परत आणणार. पुरुषांना तुम्ही सगळं सांगायचात, चार तासांनी धू, घरवालीला आण, बाहेर जाऊ नको. त्यांची गुपितं तुम्ही पोटात ठेवलीत, जन्मात कुणाचं नाव घेतलं नाहीत, म्हणून अख्ख्या धुळ्यात तुमच्यावर लोकांचा विश्वास. बायकांपासून मात्र तुम्ही त्यांचंच दुखणं लपवलंत. आणि मी तिथे होते. मला वाचता येत होतं. ती गेल्यावर मी तुम्हाला विचारलंसुद्धा नाही. मी म्हटलं, नाना, जेवा, भाकरी गार झाली.

ही गोष्ट माझ्या मनातून गेलीही असती. पण माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही काय केलंत? बोलणी पक्की झाल्यावर मुलाकडे रक्ताची तपासणी मागितलीत. त्या काळी, भर बैठकीत. त्यांचे काका उठून चालते झाले. आई माजघरात रडत होती. मी तुमच्या समोर उभी राहून म्हणाले, तुमच्या दवाखान्याची घाण माझ्या लग्नात आणू नका. तुम्ही मला तोंड धुवायला पाठवलं नाहीत. "बरं" म्हणालात आणि उठून बाहेर गेलात. तुमचे जावई मात्र दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता धुळ्याला आले, रक्त देऊन गेले, आणि लग्नानंतर एकदा मला म्हणाले की सासरे बरोबर होते. मी तुम्हाला ते कधी कळवलं नाही. बाळंतपणाला आले तेव्हाही आज सांगीन, उद्या सांगीन म्हणत राहिले, आणि मग तुम्ही गेलात. आता इतक्या वर्षांनी ते दोन दिवस, त्या बाईचा आणि माझ्या लग्नाच्या बैठकीचा, शेजारी ठेवून बघते. स्वतःच्या पोरीसाठी तुम्ही गावाशी भांडलात. तीही कुणाची तरी पोर होती.

म्हणून मी ठरवलं की माझ्या बाबतीत कुणालाही काहीही झाकून सांगायचं नाही. ज्यांना सांगायला हवं अशी माणसं दोनच होती.

औषध शाळेच्या पत्त्यावर मागवलं होतं. साधं खाकी खोकं, वर औषधाचं नाव नाही, दुकानाचं नाही, माझं नाव-पत्ता तेवढा. नेमकं ते हेडमास्तरांच्या टेबलावर गेलं. "मॅडम, तुमचं काय मागवलंय?" त्यांनी हलवून बघितलं. मी म्हटलं, मलम आहे सर, कातडीचं. "उन्हाळ्यात होतंच," म्हणाले आणि खोकं माझ्या हातात दिलं. त्या दिवसापासून मलम सुरू केलं. पहिल्या पंधरा दिवसांत इतकी आग झाली की बसमध्ये बसवत नव्हतं, असोद्यापर्यंत उभी जायची. डॉक्टरबाईंना लिहिलं, त्यांनी आठवडाभर थांबायला सांगितलं, मग परत लावायला. मी कॅलेंडरवर सोमवार, बुधवार, शुक्रवार टिंब करत गेले.

प्रेसवर गेले त्या दुपारी मशीन चालू होतं. मी म्हटलं, मशीन बंद करा, बोलायचंय. त्यांनी बंद केलं. मी सांगितलं. डॉक्टरबाईंनी मला जसं सांगितलं तसंच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्याकडून, असं म्हणायचंय तुम्हाला?" मी म्हटलं, तुमच्याकडून असेल, माझ्या नवऱ्याकडून असेल, कळायला मार्ग नाही. "मॅडम, मी तसला माणूस नाही." मी म्हटलं, "तसला म्हणजे कसला? माझ्या वडिलांच्या दवाखान्यात सगळे यायचे. मास्तर यायचे, पुजारी यायचे, मोठमोठे व्यापारी यायचे. तसला असा वेगळा कुणी नव्हताच." ते शाईचे हात पुसत राहिले. मी सांगून टाकलं की तुम्ही तपासून घेतल्याशिवाय आणि मी बरी झाल्याशिवाय आपण भेटायचं नाही, आणि तुम्हाला हे मान्य नसेल तर पुढचे पेपर शाळा दुसरीकडे छापून घेईल. हे शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले. आठ दिवस त्यांचा फोन नाही. त्या आठ दिवसांत मी मनाची तयारी केली. नवव्या दिवशी ते शाळेत आले, प्रुफं घेऊन, हेडमास्तरांसमोर. गठ्ठ्यात एक बंद पाकीट होतं. त्यांनी त्याच डॉक्टरबाईंना दाखवलं होतं, वर नाशिकला जाऊन रक्तही तपासून आले होते. रक्त नीट होतं. त्यांच्याही अंगावर दोन बारक्या निघाल्या, त्यांना कधी दिसल्याही नव्हत्या. आतल्या रिपोर्टखाली पेन्सिलने लिहिलं होतं, 'मॅडम, चूक झाली, आधी रागावलो.'

तपासणीसाठी मी मुद्दाम धुळ्याला गेले. जळगावात ओळखी फार. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, एक प्रश्न जास्त विचारला नाही, पाच मिनिटांत चाचणी झाली. रक्तही दिलं. पंधरा दिवसांनी सगळे कागद नीट आले. तपासणीच्या दिवशी देवपुरात आईकडे जेवायला गेले. ती आता वाकलीय, पण कान तिखट आहेत. "मधल्या वारी कशी काय उनीस व?" मी म्हटलं, शिक्षण खात्यात काम होतं, म्हणून आले. तिने मला निरखून बघितलं आणि ताटात भरीत वाढत राहिली.

लेकीला सांगायचं सगळ्यात अवघड होतं. रविवारी सकाळी ती लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, तुला एक लस घ्यायची आहे, तीन डोस आहेत, आणि का घ्यायची तेही सांगणार आहे. तिला लशीबद्दल माहीत होतं, त्यांच्या कॉलेजात व्याख्यान झालं होतं. "घेऊ की. त्यात एवढं काय?" मी तिथे थांबू शकले असते, नाना. तिला लस मिळाली असती, माझं झाकलेलं राहिलं असतं. पण मी म्हटलं, मला झालंय. तिने लॅपटॉप मिटला. "बाबांकडून?" मी म्हटलं, माहीत नाही. मग पुढचंही सांगितलं. ती म्हणाली, "प्रेसवाले काका." विचारलं नाही, म्हणालीच. मला वाटत होतं की मी जगापासून लपवलंय, आणि घरातल्या पोरीला दीड वर्षापासून ठाऊक. ती उठून गॅलरीत गेली. दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली, दूध संपलंय, गॅस आला. मी तिची मनधरणी केली नाही. बोलल्याबद्दल माफी मागायची नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं.

पहिल्या डोसाला आम्ही दोघी गेलो. बाहेर बाकावर आमचा नंबर येईपर्यंत ती मोबाईल बघत होती. मग वर न बघताच म्हणाली, "आई, तुला दुखतं का गं?" मी म्हटलं, आता नाही, आधी आग व्हायची. "मग बसमध्ये उभी का असायचीस ते आत्ता कळलं." एकदा ती मला स्टँडवर घ्यायला आली होती, तेव्हा बघितलं असणार. "मला सांगायचंस ना, मी गाडीने सोडलं असतं." मी म्हटलं, गाडीवर तर बसावंच लागतं की. ती हसली, आणि तिच्या हसण्याने समोरच्या नर्सबाईने वर बघितलं. आत जाताना तिने पर्स माझ्याकडे दिली.

साडेतीन महिन्यांत सगळ्या गेल्या. डॉक्टरबाईंनी फोटो बघून 'स्वच्छ' म्हटलं, आणि बजावलं की परत येऊ शकतात, आल्या तर घाबरायचं नाही. प्रेसवाल्यांनी विचारलंय, पुढे रीतसर काही करायचं का? मी हो म्हणालेली नाही. लेकीचं शिक्षण होऊ दे म्हटलंय. ते थांबतील असं वाटतं, आणि नाही थांबले तरी माझं काही अडणार नाही.

हे पत्र मी रेकॉर्ड रूममध्ये, वाया गेलेल्या दाखल्यांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितेय. तुमच्या फोटोमागे ठेवावं असं मनात आलं होतं, पण आई दर शुक्रवारी फ्रेम उतरवून पुसते, आणि तिला वाचता येतं. तेव्हा ते इथेच कुठल्यातरी गठ्ठ्यात राहील.

एक राहिलं. वर मी ठरवलं, ठरवलं असं बरंच लिहिलंय. गेल्या सोमवारी एक बारीकशी परत दिसली. डॉक्टरबाईंना त्याच दुपारी कळवलं, मलम त्याच दिवशी सुरू झालं. पण प्रेसवाल्यांना सांगायला मला तीन दिवस लागले. त्यांचा फोन आला की मी म्हणायची, काही नाही, जरा डोकं दुखतंय, काही नाही. इतकं सोपं होतं ते म्हणणं. चौथ्या दिवशी सांगितलं, ते फक्त "बरं, मीही दाखवून घेतो" म्हणाले, आणि संपलं. पण त्या तीन दिवसांत तुम्ही मला कळलात नाना. माफ केलं असं मी म्हणणार नाही. कळलात.